बाहेरचा माणूस आणि मावशींची वही

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' म्हटलं की अजूनही मनातल्या मनात फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन असा हिशेब करते. त्यामुळे मराठी विभागाला लेख देणार म्हटल्यावर माझी रूममेट अर्धा तास हसत होती. शुद्धलेखन तिनेच तपासलंय. तरी चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, आणि काही चांगलं वाटलं तर तेही माझंच!

विषय तसा आपल्या रोजच्या जेवणाचा आहे. म्हणजे अक्षरशः. गेल्या वर्षी आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मेसचं बिल कॉम्प्युटरवर आलं. ते सॉफ्टवेअर बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं. त्यावरून जे काही झालं ते सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे, आणि प्रत्येकीची स्टोरी वेगळी आहे. आता पुन्हा कमिटीत चर्चा चालू आहे, की नवीन सॉफ्टवेअर करायचं तर बाहेरच्याला द्यायचं का? निम्म्या मुली म्हणतात, "नको बाई, एकदा हात पोळलेत!" उरलेल्या म्हणतात, "मग करणार कोण?" मी त्या कमिटीवर होते, आणि कॉम्प्युटर ब्रँचची म्हणून हे काम माझ्याकडेच होतं. म्हणून हा लेख.

आधी एक खरं सांगते. काम बाहेर द्यायच्या आधी आम्ही ते स्वतः करणार होतो. कॉम्प्युटरच्या सहा जणी, वर 'आपला हात जगन्नाथ' वगैरे घोषणा. पहिल्या आठवड्यात रोज रात्री कॉमन रूममध्ये बैठक. दुसऱ्या आठवड्यात युनिट टेस्ट. मग गॅदरिंग, मग सबमिशन. सेमिस्टर संपलं तेव्हा आमच्याकडे एक लॉगिन पेज होतं, आणि तेही गुलाबी रंगाचं! मग रेक्टर मॅडमनी चौकशी करून बाहेरचा एक माणूस आणला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचा. आम्हाला सहा महिन्यांत जमलं नाही ते त्याने बारा दिवसांत उभं केलं.

हा पहिला फायदा, आणि तो लहान नाही. ज्याने तेच काम आधी दहा ठिकाणी केलंय, त्याला कुठे खड्डा आहे ते माहीत असतं. आपण प्रत्येक खड्ड्यात एकदा पडून शिकणार. शिकायला वेळ असेल तर छानच. पण दोनशे मुलींचं बिल महिनाअखेरीला थांबत नाही. शिवाय काम संपलं की पगार चालू ठेवावा लागत नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी घरात कोणी डॉक्टर पाळत नाही ना!

आणि बाहेरच्या माणसाला नावं ठेवणारे आपण कोण? आपला सगळा आयटीचा धंदाच जगाचा 'बाहेरचा माणूस' होऊन उभा राहिलाय. इन्फोसिस १९८१ मध्ये इथे पुण्यात सुरू झाली. १०,००० रुपये भांडवल, आणि पहिलं गिऱ्हाईक न्यूयॉर्कचं. कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली हे आपलं दुःख वेगळं! २००० साल येताना वायटूकेची भीती होती. वर्षाचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्रॅम '००' पाहून १९०० समजतील, अशी. तेव्हा परदेशातल्या बँका आणि विमा कंपन्यांचे ते लाखो ओळींचे प्रोग्रॅम तपासायला आपलीच माणसं गेली. आपल्यापैकी निम्म्याजणी कॅम्पसमधून जिथे जाणार आहेत, तिथे त्यांचं कामच दुसऱ्याच्या घरी जाऊन दुसऱ्याचं सॉफ्टवेअर करणं हे असणार आहे.

माझा चुलतभाऊ हिंजवडीत हेच करतो. नोकरी एका कंपनीत, रोज बसायचं दुसऱ्या कंपनीच्या ऑफिसात. गळ्यातल्या कार्डाचा रंगसुद्धा वेगळा. तो म्हणतो, "डेडलाइन विचारायला दहा जण येतात गं, पण आम्ही एक प्रश्न विचारला की उत्तर द्यायला कोणी नसतं." तेव्हा मी नुसती हसले होते. आता हसू येत नाही, कारण आम्हीही तेच केलं.

आमच्या त्या माणसाने मला तीनदा विचारलं होतं, "ताई, खाड्याचे नियम नीट लिहून द्या." मी काय दिलं? मेसच्या भिंतीवर लावलेल्या नियमावलीची झेरॉक्स. ती नियमावली आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हाच पिवळी पडलेली होती. त्यात लिहिलंय, खाड्याची चिठ्ठी आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत द्यावी. एवढंच. पण मेस त्या कागदावर चालत नाही, मेस चालते मावशींच्या वहीवर. उपवासाच्या दिवशी जी मुलगी फक्त रात्रीची खिचडी खाते तिचा अर्धा खाडा, त्याला वहीत अर्धं वर्तुळ. कोणी अचानक घरी गेली आणि फोनवर कळवलं तर पूर्ण वर्तुळ आणि शेजारी 'फोन'. हे कुठेही लिहिलेलं नाही, आणि सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे सगळ्यांना, फक्त त्या बाहेरच्या माणसाला सोडून!

त्याने कागदात होतं तसं केलं. जेवली किंवा नाही जेवली, मधलं काही नाही. आणि गेलेल्या तारखेचा खाडा सॉफ्टवेअर घेईचना.

पहिल्याच महिन्यात माझ्या रूममेटच्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं. ती रात्रीच्या एसटीने गेली, नऊ दिवस राहिली. मावशींना फोन केला होता, वहीत नोंद होती. वर तिचे सहा उपवास. दिवसाचे ८० रुपये धरले तर ७२० आणि २४०, मिळून ९६० रुपये. सॉफ्टवेअरने एकही पैसा वजा केला नाही. थकबाकीदारांची यादी छापून नोटीस बोर्डावर लागली आणि त्यात तिचं नाव. मेसची बाकी असेल तर हॉल तिकीट नाही, हा नियम तुम्हाला माहीतच आहे. ऑफिसात गेलो तर उत्तर एकच, "कॉम्प्युटरमध्ये दिसतंय ना!" मावशी वही घेऊन स्वतः आल्या, तर त्यांना सांगितलं, आता वही बंद झाली. दुरुस्ती करायचा पासवर्ड त्या माणसाकडे, आणि त्याचे पैसे आधीच पूर्ण देऊन झालेले. तो दुसऱ्या गावी दुसऱ्या कामावर. फोन उचलायचा, पण "रविवारी बघतो" म्हणायचा. परीक्षा शुक्रवारी होती. शेवटी तिने आम्हा तिघींकडून उसने घेऊन, देणं नसलेले पैसे भरले.

तुम्ही म्हणाल, ९६० रुपयांचं काय एवढं? हेच इंग्लंडमध्ये केवढं मोठं झालं ते वाचा. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची सिस्टीम बसवली. बाहेरच्या कंपनीकडून, म्हणजे फुजित्सूच्या ताब्यातल्या कंपनीकडून. गावोगावी पोस्ट चालवणाऱ्यांच्या हिशेबात अचानक तूट दिसायला लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. उत्तर तेच : कॉम्प्युटरमध्ये दिसतंय! ९०० हून जास्त माणसांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेली, काहींचं दिवाळं वाजलं. २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की त्या सिस्टीममध्येच चुका होत्या. शिक्षा एकगठ्ठा रद्द करायला २०२४ मध्ये खास कायदा करावा लागला. सॉफ्टवेअर बाहेरून घेतलं हा त्यांचा गुन्हा नव्हे. घेतल्यावर ते चुकू शकतं हेच मान्य केलं नाही, आणि आतल्या माणसाच्या शब्दापेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवला, हा गुन्हा.

दुसरं उदाहरण अमेरिकेचं. आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या ६ जणांची! काम ५५ कंत्राटदारांत वाटलेलं होतं आणि सगळं जुळतंय का हे बघणारा धड कोणी नव्हता. बारा आचारी आणि मीठ कोणीच बघत नाही, अशातला प्रकार. पण गंमत पुढे आहे. ती वेबसाइट सावरली तीही बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञांच्याच मदतीने. फरक एवढाच की या वेळी कोण काय करतंय ते रोज विचारलं जात होतं.

आणि आपल्याकडे चांगलं उदाहरण नाही असं नाही. रेल्वेचं कॉम्प्युटरवरचं आरक्षण १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत सुरू झालं, ते सीएमसी या कंपनीने करून दिलं. पण रेल्वेने १९८६ मध्येच 'क्रिस' ही स्वतःची संस्था काढली, आणि पुढे १९९९ पर्यंत पाचही आरक्षण केंद्रं एकमेकांना जोडली ती क्रिसच्या सिस्टीमने. बाहेरच्याकडून घेतलं, आणि आपली माणसंही तयार केली. पासपोर्ट काढायला गेला असाल तर तेही पाहिलं असेल. फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन हे सगळं टीसीएसचे कर्मचारी करतात, पण पासपोर्ट द्यायचा की नाही हे पुढच्या खिडकीतला सरकारी अधिकारी ठरवतो. हात बाहेरचे चालतील, पण सही घरची पाहिजे.

म्हणून माझं मत असं, की या वर्षीही काम बाहेरच्यालाच द्यावं. मी हात वर करणार आहे. मात्र चार गोष्टी आधी ठरवून. पासवर्ड आणि कोड पहिल्या दिवसापासून हॉस्टेलच्या नावावर. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा टप्पा पहिली दोन बिलं बरोबर आल्यावर. काम चालू असेपर्यंत आपल्यातली एकजण आणि मावशी रोज तासभर त्याच्याशेजारी बसतील, आणि मावशींना त्या तासाचे पैसे मिळतील. हो, मिळायलाच पाहिजेत! त्याच्याकडे कोडिंगचं ज्ञान आहे, तर त्यांच्याकडे खाड्याचं. आपण एकालाच तज्ज्ञ म्हणालो, तिथेच फसलो. आणि चौथं, वही बंद करायची नाही. निदान दोन महिने दोन्ही चालू द्या, आणि आकडे जुळले नाहीत तर जुळेपर्यंत कोणाचंही नाव बोर्डावर लावायचं नाही.

कोणी म्हणेल, आता एआय आलंय, बाहेरचा माणूस तरी कशाला? मीही करून बघितलं. दहा मिनिटांत मेसचं सॉफ्टवेअर लिहून मिळालं, आमच्या गुलाबी लॉगिन पेजपेक्षा छान! त्यात अर्धा खाडा होता का? नव्हता. मी सांगितलंच नव्हतं ना.

जाता जाता फायनल इयरच्या ताईंना आणि दादांना एक. माझं हे मत बी.ई. च्या प्रोजेक्टला लावू नका हं! रिपोर्टसकट रेडीमेड प्रोजेक्ट विकणारी दुकानं कुठे आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. मेसला सॉफ्टवेअर हवं होतं, म्हणून ते कोणीही केलं तरी चाललं. प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअर नकोच असतं कोणाला, तिथे इंजिनिअर हवा असतो. तो विकत कसा आणणार? एक्स्टर्नलने व्हायव्हाला पहिला प्रश्न विचारला की कळतंच, काम कोणी केलंय ते!

माझ्या रूममेटचे ९६० रुपये पुढच्या टर्मच्या बिलात वळते झाले. मावशींच्या वहीवरूनच. पण यादी बोर्डावर आठ दिवस होती, आणि 'ही चूक आमची होती' असा कागद मात्र एक दिवसही लागला नाही. ती काही म्हणत नाही. हा परिच्छेद तपासताना तिने फक्त एक अनुस्वार दिला आणि पान परत केलं. म्हणून कमिटीची तेव्हाची सभासद या नात्याने मीच इथे लिहिते : ती थकबाकीदार नव्हती. चूक आमची होती, आणि त्यातली मोठी चूक माझी. नोटीस बोर्डावर नाही, तर निदान या पानावर तरी!

बघा, पटतंय का.