आधी दार उघडा

१ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्याच जबलपुरात एका खासगी रुग्णालयाला आग लागून ८ जणांचा जीव गेला. आत-बाहेर जायची वाट एकच होती.

नव्या इमारतींत कॅमेरे, कार्डाने उघडणारी दारे, धुराचा अलार्म, लिफ्ट हे सारे एकाच यंत्रणेला जोडतात. सोय मोठीच. पण पहारा म्हणतो दार बंद ठेवा, आग म्हणते उघडा. माझ्या मते इथे आगीचाच हुकूम वरचा. धूर कळताच सुटकेच्या वाटेवरची कुलुपे आपोआप सुटावीत, लिफ्ट तळमजल्यावर येऊन थांबावी. चुंबकी कुलूप वीज पूर्ण तुटली की सुटते. काही विजेची कुलुपे मात्र बंदच राहतात. आपल्या वसतिगृहाच्या दारावर कोणते आहे, किती कॅडेटना ठाऊक आहे?

मग चोराचे काय, असे कुणी विचारील. तेवढा वेळ दारापाशी माणूस उभा करावा. पहारेकरी असतो कशाला?

उद्या महाराजपुरात अशी इमारत उभी राहिली, तर पालकांनी कॅमेरे मोजण्याआधी एवढेच मागावे: रात्री, मुख्य वीज तोडून, आमच्यासमोर एकदा कवायत घ्या.