सामाईक सातबारा आणि मोबाईलवरचे संमतीपत्र



वाडी कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नावे सात, हे चित्र वसई तालुक्यात नवे नाही. आजोबांच्या पश्चात वारसनोंद झाली, मुलामुलींची नावे लागली, पुढे त्यांच्या मुलांची लागली. समजा, एक भाऊ आगाशीला वाडीत केळी आणि पानवेल सांभाळतो. दुसरा विरारहून पहाटेची लोकल धरून चर्चगेटला नोकरीला जातो. बहीण सफाळ्याला दिलेली आहे आणि चुलतभाऊ दुबईत आहे. जमीन एक, माणसे चार दिशांना. अशा वेळी वाडीतल्या भावाने ठिबक संचाच्या अनुदानासाठी अर्ज करायचे मनात आणले की पहिली अडचण उभी राहते : इतर खातेदारांचे संमतीपत्र.

पूर्वी यासाठी गणपतीची किंवा नाताळची वाट पाहिली जाई. सगळे घरी जमले की कागद फिरवायचा आणि सह्या घ्यायच्या. आता घरोघरी मोबाईल आहे. गूगल फॉर्मसारख्या फुकट मिळणाऱ्या सोयीने कोणीही घरबसल्या संमतीचा फॉर्म तयार करू शकतो आणि त्याची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवू शकतो. अनेक घरांत नातू किंवा सून हे काम अर्ध्या तासात करून देते. सोय चांगलीच आहे. पण फॉर्म जितका झटपट तयार होतो, तितकीच झटपट त्यात चूक राहून जाते. म्हणून आज या फॉर्मविषयी चार गोष्टी सांगतो.

आधी एक मर्यादा पक्की ध्यानात ठेवा. मोबाईलवर भरून घेतलेला फॉर्म ही घरातली विचारपूस होय. लिंक ज्याच्या हातात पडेल तो कोणाचेही नाव लिहून ‘होय’वर खूण करू शकतो. त्यामुळे कार्यालयाला जे संमतीपत्र हवे, ते कार्यालय सांगेल त्याच नमुन्यात आणि सहीनिशी द्यावे लागते. आणि हक्कसोड, बक्षीस, विक्री हे व्यवहार तर अगदीच वेगळे. जमिनीतला हक्क दुसऱ्याला द्यायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवावा लागतो. मोबाईलवरच्या खुणेने कोणाचे नाव सातबाऱ्यावरून उतरत नाही. तसे कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा.

मग फॉर्मचा उपयोग काय? उपयोग असा की सह्यांचा कागद फिरवण्याआधी कोणाचे काय म्हणणे आहे ते लेखी कळते, नावांतले फरक सापडतात आणि दूरच्या माणसालाही विचारल्याचे समाधान मिळते. घरातले निम्मे वाद ‘मला कोणी विचारलेच नाही’ या एका वाक्यातून उभे राहतात.

आता फॉर्म कसा तयार करावा ते पाहू. या सोयीत प्रत्येक प्रश्नाची चौकट आपल्याला हवी तशी ठेवता येते. कुठे थोडक्यात उत्तर, कुठे यादीतून एकाची निवड, कुठे तारीख. कोणते उत्तर सक्तीचे आणि कोणते ऐच्छिक हेही ठरवता येते. हीच यातली खरी ताकद आहे. तेव्हा तयार नमुना जसाच्या तसा उचलू नका, आपल्या कामाप्रमाणे चौकटी घाला.

(१) सर्वांत वर हेतू लिहा. मोघम नको. ‘अमुक गावच्या अमुक गट नंबरमधील २० गुंठ्यांवर ठिबक संच बसवण्यासाठी अनुदानाचा अर्ज करायचा आहे. अर्जदार अमुक. अनुदान त्यांच्या खात्यात जमा होईल. या संमतीने जमिनीच्या मालकीत किंवा कोणाच्या हिश्श्यात काहीही बदल होत नाही.’ शेवटचे वाक्य विसरू नका. बहुतेकांची धास्ती तिथेच असते.

(२) नावाच्या दोन चौकटी ठेवा. एक ‘सातबाऱ्यावर आहे तसे नाव’ आणि दुसरी ‘आधार कार्डावर आहे तसे नाव’. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर माहेरचे असते आणि आधारवर सासरचे. वडिलांच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले असते. हा फरक कार्यालयात अर्ज अडल्यावर कळण्यापेक्षा घरीच कळलेला बरा. डिजिटल सहीचा सातबारा ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावर मिळतो. तो समोर ठेवूनच फॉर्म तयार करा.

(३) गट नंबर लिहायला लावू नका. आपल्या खात्यातले गट नंबर यादीत घाला आणि त्यातून निवडू द्या. बोट घसरून एक आकडा चुकला तर संमती शेजाऱ्याच्या जमिनीला लागते!

(४) एका प्रश्नात एकच काम विचारा. ठिबक संच हा एक प्रश्न. सामाईक विहिरीवर नवा पंप हा दुसरा. जमिनीवर पीककर्जाचा बोजा चढवणे हा तिसरा. ‘शेतीविषयक सर्व कामांसाठी संमती आहे’ असे एक वाक्य लिहून मोकळे होऊ नका. ज्याला ठिबक चालते त्याला बोजा चालेलच असे नाही.

(५) उत्तरात तीन पर्याय ठेवा : ‘होय’, ‘नाही’ आणि ‘आधी बोलायचे आहे’. कित्येक फॉर्मांत फक्त ‘मी सहमत आहे’ एवढीच चौकट असते आणि तीही आधीच खूण करून ठेवलेली. ज्यात ‘नाही’ म्हणायला जागा नाही, ती संमती कसली? तिसऱ्या पर्यायावर खूण करणाऱ्याला पुढच्या प्रश्नांत न अडकवता थेट शेवटच्या पानावर नेता येते. तिथे फक्त फोन कधी करावा एवढेच विचारा.

(६) ‘अट असल्यास लिहा’ अशी एक मोकळी चौकट ठेवा, ऐच्छिक. बहीण लिहील, ‘ठिबकला संमती आहे, पण विक्रीला नाही.’ चुलतभाऊ लिहील, ‘आंब्याची दोन झाडे तोडू नयेत.’ ही चौकट साऱ्या फॉर्मचा प्राण आहे.

(७) मुदत लिहा. संमती कोणत्या तारखेपर्यंत आणि मागे घ्यायची तर कोणाला कळवायचे, हे दोन ओळींत सांगा. भरलेल्या फॉर्मची प्रत भरणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. ईमेल असेल तर ती आपोआप जाईल अशी सोय ठेवता येते. नसेल तर उत्तरांचे चित्र काढून त्याच्या एकट्याच्या फोनवर पाठवा, घरच्या गटावर नको.

काय विचारू नये, तेही सांगतो. या कामाला बँक खात्याचा क्रमांक लागत नाही, आधार कार्डाचा फोटो लागत नाही आणि ओटीपी तर कधीच लागत नाही. आधारची प्रत पुढे कार्यालयाला द्यावी लागली तर ती सहीच्या कागदासोबत, हातोहात द्यावी. शिवाय फोटो जोडायची चौकट घातली की गूगल आधी आपल्या खात्यात प्रवेश करायला सांगते, आणि गावाकडची आत्या तिथेच अडून बसते. नुसत्या विचारपुशीसाठी वीस चौकटी घालणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

सरकारनेही या विषयावर कायदा केला आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायची असे त्यात ठरले. कायदा म्हणतो की संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठरावीक हेतूपुरती हवी, समजून दिलेली हवी आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. हेतूला लागेल तेवढीच माहिती घ्यावी. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असावे. विनंतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही मिळाला पाहिजे, म्हणजे मराठीतही. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. घरातल्या घरात केलेल्या फॉर्मला हा कायदा लागत नाही. पण तुमचा शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी सभासदांची माहिती मोबाईलवर गोळा करत असेल, किंवा तुमच्या वाडीवर शाळेची सहल येत असेल आणि तुम्ही मुलांची नावे व फोटो घेत असाल, तर या गोष्टी आतापासूनच अंगी बाणवा. सहलीच्या फॉर्ममध्ये वाडीत येण्याची संमती वेगळी आणि फोटो जाहिरातीत वापरण्याची संमती वेगळी ठेवा.

आता बहिणींविषयी. हे जरा स्पष्टच बोलतो. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली आणि देशाने २००५ मध्ये. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो असा निर्वाळा दिला. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यातही मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. तरीही आपल्याकडे बहिणीची सही म्हणजे गृहीत धरलेली गोष्ट असते. भाऊबिजेला आली की ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवायचा, ‘इथे सही कर, अनुदानाचे आहे’ म्हणायचे. ती वाचत नाही, कारण भावाचा अविश्वास कसा करायचा? पुढे कधी वर्षांनी कळते की कागद भलताच होता, आणि माहेर तुटते. वसई-विरारात गुंठ्याला जो भाव आला आहे, तो पाहता हे दुखणे वाढणारच.

म्हणून भावांना सांगणे असे की बहिणीला लिंक आधी पाठवा, सही नंतर मागा. तिला घरी, सावकाश, आपल्या मुलांना विचारून वाचू द्या. आणि बहिणींना सांगणे असे की ‘अट असल्यास लिहा’ ही चौकट तुमच्यासाठी आहे. ती भरल्याने माया कमी होत नाही. ज्या आत्याबाईंना वाचता येत नाही त्यांना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा, आणि तोही ज्याचे काम आहे त्याने नव्हे, दुसऱ्याने.

शेवटी, आपण स्वतः संमती देतो तेव्हाचे बोलू. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्या नोंदणीत आधारवरून ओळख पटवली जाते आणि संमतीही घेतली जाते. केंद्रावरचा मुलगा घाईत असला तरी त्याला पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि कशाला संमती देतो आहोत ते वाचा. ओटीपी सांगणे म्हणजे आजच्या काळातला अंगठाच आहे. भूसंपादनात तर या शब्दाचे वजन कायद्यातच लिहिले आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आधी संमती लागते, आणि सरकार व खासगी यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पाला ७० टक्क्यांची. बुलेट ट्रेनच्या मार्गावरच्या आपल्या जिल्ह्यातल्या गावांनी संमतीच्या कागदाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकली आहे. तेव्हा कोऱ्या कागदावर सही देऊ नये हा वडीलधाऱ्यांचा धडा मोबाईललाही लागू आहे. हेतू न लिहिलेला फॉर्म हा कोरा कागदच होय.

काम झाले की फॉर्म बंद करा, नवी उत्तरे येणे थांबवा. जमा झालेली उत्तरे एकदा छापून सातबाऱ्याच्या फायलीत लावा आणि मोबाईलवरची पुसून टाका. ठिबकचा अर्ज करायचा असेल तर फॉर्म आधी, सह्या नंतर आणि अर्ज शेवटी हा क्रम ठेवा. संमतीपत्राचा नमुना मात्र तालुका कृषी कार्यालयातूनच घ्या, आणि जाताना सातबारा व आठ-अ सोबत न्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.