आमवात आणि जोमदार व्यायाम

शिवथरघळीच्या पायऱ्या चढताना निरोगी माणसालाही धाप लागते. महाड तालुक्याच्या या डोंगरी खोऱ्यात सपाट वाट थोडीच. घरातून दुकानात किंवा देवळात जायचे तरी चढउतार चुकत नाही. अशा ठिकाणी एखाद्या गृहिणीची बोटे रोज सकाळी सुजून ताठरलेली असतील, दुधाचे पातेले उचलताना मनगटात कळ येत असेल, तर घरातील सर्वांचा तिला एकच सल्ला असतो : ‘तुम्ही बसून राहा, काम आम्ही पाहतो.’ सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. परंतु वर्षानुवर्षे पाळला गेल्यास तो तिला अधिकच परावलंबी करतो.

हा विकार म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोलीत त्याला आमवात म्हणतात. उतारवयात गुडघे झिजून होणारा संधिवात निराळा. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात आणि सकाळचा ताठरपणा पुष्कळ वेळ टिकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. तीत प्रौढांमध्ये दर हजारी सुमारे पाच जणांना हा विकार असल्याचे दिसले. म्हणजे हा केवळ शहरी रोग नव्हे. ग्रामीण महाराष्ट्रातही तो आहे.

पूर्वी वैद्यकशास्त्रही विश्रांतीचाच पुरस्कार करी. सुजलेला सांधा हलविला तर तो लवकर झिजेल, या भीतीने रुग्णांना अंथरुणावर ठेवले जाई, सांध्यांना पट्ट्या बांधल्या जात. परंतु या रोगात सांध्यांबरोबर स्नायूही क्षीण होतात. वजन तेवढेच राहते, मात्र स्नायू घटून त्यांची जागा चरबी घेते. हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. बैठ्या जीवनाने हे तिन्ही दोष वाढतात. व्यापारी घरांत दिवसाचा बराच भाग गादीवर किंवा गल्ल्यावर बसून जातो, म्हणून हा विचार त्यांनी विशेष करावयास हवा.

या भीतीची कसोटी नेदरलँड्समध्ये लागली. तेथे तीनशेहून अधिक रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने दोन वर्षे, आठवड्यातून दोनदा, सव्वा तास जोमदार व्यायाम केला : सायकल चालविणे, स्नायूंना बळ देणारे प्रकार आणि खेळ. निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता वाढली, मनःस्थिती सुधारली आणि रोगाचा जोर वाढला नाही. मोठ्या सांध्यांची हानीही एकंदरीत वाढलेली दिसली नाही. मात्र ज्यांचे गुडघे, खांदे यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्यात ती काहीशी अधिक वाढल्याचे आढळले. हा अपवाद कोणीही विसरू नये.

वेल्समधील बँगर विद्यापीठाच्या संशोधकांनी वजने उचलण्याचा व्यायाम २४ आठवडे देऊन पाहिला. रुग्णांचे स्नायू वाढले, धडावरील चरबी कमी झाली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १२ वयस्क, बैठ्या रुग्णांनी १० आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा तास आळीपाळीने वेगाने व संथ चालण्याचा व्यायाम केला. २०१८ च्या अहवालानुसार त्यांचा रोगाचा जोर घटला. रुग्णसंख्या अल्प असल्याने यावरून मोठा दावा करता येत नाही. परंतु वेगाने चालल्याने रोग भडकतो, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही. हातांसाठी ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घरी रोज करावयाच्या, बोटे ताणण्याच्या व बळकट करण्याच्या व्यायामाने वर्षभरानंतरही हातांचे काम सुधारलेले दिसले. डबा उघडणे किंवा कणीक मळणे जिला जड जाते, तिच्यासाठी हे महत्त्वाचे आहे.

‘जोमदार’ म्हणजे काय, हे ओळखण्याची साधी खूण आहे. चालताना गप्पा मारता आल्या तर व्यायाम सौम्य वा मध्यम. दोनचार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोमदार. वजनाच्या बाबतीत, जे ओझे आठ ते बारा वेळाच उचलता येते आणि शेवटच्या खेपांना कस लागतो, ते जोमदार. पहिल्याच दिवशी येथवर पोहोचावयाचे नसते. आरंभी सपाट अंगणात दहा मिनिटे चालावे, मग काही क्षण वेग वाढवून पुन्हा संथ व्हावे. पायऱ्या चढणे हा चांगला व्यायाम आहे, पण उतरताना गुडघ्यांवर भार अधिक पडतो. कठड्याचा आधार घेऊन सावकाश उतरावे. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर मात्रा कमी करावी.

काही प्रसंगी थांबणेच योग्य. सांधा लाल, गरम व सुजलेला असेल, ताप असेल, तर जोर करू नये. सांधा अलगद हलवीत राहावा. मानेत कळ येऊन हातापायांना मुंग्या येत असतील, किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. दीर्घकाळ आजारी असलेल्यांनी हृदय, मान आणि मोठे सांधे तपासून घेतल्यावरच जोमदार व्यायामास आरंभ करावा.

व्यायाम औषधाची जागा घेत नाही. औषधाने दाह आटोक्यात आला की व्यायाम सुसह्य होतो. मेथोट्रेक्सेट हे प्रमुख औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. पावसाळ्यात वरंध घाट बंद होतो आणि पुण्याची वाट तुटते. जुलै २०२१ च्या महापुराने महाडकरांना रस्ते तुटणे म्हणजे काय ते दाखविले. चातुर्मासापूर्वीच महिनाभराची औषधे घरात आणून ठेवावीत. पर्युषणात उपवास वा चौविहार करणाऱ्यांनी औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्याव्यात. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून कधीही एकदम बंद करू नयेत. उपवासाच्या दिवसांत जोमदार व्यायाम टाळावा. सामायिकाच्या ४८ मिनिटांत मांडी घालणे अशक्य असेल, तर खुर्चीवर बसावे आणि नंतर थोडे चालावे.

घरच्यांनी रुग्णाच्या हातातील प्रत्येक काम काढून घेण्यापेक्षा, संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तिच्याबरोबर अर्धा तास चालावयास निघावे. पहिल्या आठवड्यात वेग तिचा असू द्यावा.