स्वतःचा प्रोग्रॅम मोजायलाही मज्जाव?

संगणक रचनेच्या तासाला मी एक प्रयोग हमखास देते. ४०९६ ओळी, ४०९६ रकाने असा आकड्यांचा तक्ता घ्यायचा आणि सी भाषेत त्याची बेरीज दोनदा करायची: एकदा ओळीने, एकदा रकान्याने. उत्तर तेच, पण रकान्याने जाणारा प्रोग्रॅम कितीतरी रेंगाळतो. कारण तक्ता मेमरीत ओळीने मांडलेला असतो आणि कॅशमध्ये तो ६४ बाइटांच्या तुकड्यांनी येतो, म्हणजे एका वेळी आठ बाइटांचे आठ आकडे. ओळीने गेलात तर आठही कामी येतात. रकान्याने गेलात तर एक वापरायचा, आणि उरलेल्या सातांची पाळी येईपर्यंत तो तुकडा बहुधा कॅशमधून गेलेला असतो.

हे मी फळ्यावर सांगू शकते. पण मुलांनी ते मोजून पाहावं, असा माझा आग्रह आहे. कॅश किती वेळा हुकली हे मोजणारे काउंटर इंटेलच्या चिपमध्ये १९९३च्या पेंटियमपासून आहेत. तेव्हा त्यांचा तपशील गोपनीयतेच्या कराराआड होता; टेर्ये मॅथिसन या नॉर्वेच्या प्रोग्रॅमरने तो खटपटीने शोधून १९९४ साली ‘बाइट’ मासिकात छापला. आज सगळं खुलं आहे, तरी प्रयोगशाळेत हे काउंटर वाचणारं लिनक्सचं ‘पर्फ’ हे साधन चालवलं की परवानगी नाकारली जाते.

लिनक्समध्ये यासाठी ‘पर्फ इव्हेंट पॅरानॉइड’ ही सेटिंग आहे. मूळ कर्नलमध्ये तिची किंमत २: स्वतःचा प्रोग्रॅम मोजा, कर्नलमध्ये डोकावू नका. ही मर्यादा मला रास्त वाटते. डेबियन आणि उबुंटूने मात्र आकडा आणखी वर नेला, आणि साध्या वापरकर्त्याला काउंटरच बंद झाले.

त्यामागची भीती खरी आहे. २०१३ साली याच यंत्रणेतल्या एका चुकीमुळे साध्या वापरकर्त्याला थेट रूट होता येत होतं. परक्यांचे प्रोग्रॅम शेजारी-शेजारी चालणाऱ्या सर्व्हरवर कुलूप हवंच. पण शिकण्यासाठी ठेवलेल्या मशीनवर त्याचा परिणाम उलटा होतो: मोजणी अडली की मुलं सुडो मागतात, आणि काम उरकायचं म्हणून ते दिलंही जातं. एका आकड्यासाठी अख्खं मशीन हवाली करणं जास्त धोक्याचं आहे. फक्त मोजणीचा अधिकार वेगळा काढून देण्याची सोय २०२०च्या ५.८ कर्नलपासून आहेच.

महाविद्यालयांच्या सिस्टिम ॲडमिननी कर्नल अद्ययावत ठेवावा, प्रयोगशाळेच्या मशीनवर ही किंमत २ करावी आणि सुडो काढून घ्यावं. सेटिंगच्या फाइलमध्ये त्यासाठी एक ओळ पुरते.