पडदा गेला, घड्याळ राहिले

मनगटावरच्या घड्याळाने संगणकाच्या पडद्याकडे ‘पाहून’ टेलिफोन नंबर टिपून घ्यावेत, हे खरे वाटेल? टाइमेक्स कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने १९९४ साली असे ‘डेटालिंक’ घड्याळ काढले. वायर नाही, प्लग नाही. पडद्यावर आडव्या रेघा लुकलुकत. घड्याळाच्या दर्शनी भागावरचा प्रकाश-संवेदक ती उघडझाप वाचून नंबर, भेटीगाठी, गजर साठवून ठेवी. ‘नासा’ने ते अंतराळप्रवासासाठीही मान्य केले होते.

पुढे जाडजूड पिक्चर ट्यूबचे पडदे गेले, सपाट आले. ट्यूबवर चित्र रेघेरेघेने उमटते, म्हणूनच ही युक्ती चाले. सपाट पडद्यावर ती चालेना. सेल बदलला की घड्याळातली माहिती पुसली जाई आणि पुन्हा भरायची सोय उरली नाही.

हौशी मंडळींनी यावर तोड काढली. लॅपटॉपसाठी कंपनीनेच पूर्वी लुकलुकत्या दिव्याचे एक छोटे उपकरण दिले होते. तेच काम आता आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड आणि एक एलईडी करतात. संगणक बोर्डाला माहिती देतो, दिवा लुकलुकतो, घड्याळ वाचते.

तुमच्या कपाटात असे एखादे घड्याळ असेल, तर भंगारात टाकू नका. मात्र जुना सेल आजच काढून ठेवा. तो गळला, तर आतले भाग कायमचे खराब होतात.