स्टेपनी खाली उतरेना, तेव्हा...

ऑक्टोबर आला की नागपूरच्या ऑफिसांत हमखास एक प्लॅन शिजतो : वीकेंडला नागझिरा! सहा-सात जण म्हटल्यावर कुणाच्या तरी बाबांची जुनी इनोव्हा नाहीतर क्वालिस बाहेर निघते. गाणी तयार, चिवडा पॅक, बुकिंगची प्रिंट खिशात. आणि स्टेपनी? ती कुणी बघितलेलीच नसते. दिसणार तरी कशी? या गाड्यांत ती डिकीत नसते, मागच्या बाजूला गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते.

रचना साधी आहे. वर एक छोटी गरारी, तिला साखळी किंवा तारेचा दोर आणि टोकाला लोखंडी पट्टी. ही पट्टी चाकाच्या मधल्या भोकाखाली आडवी बसते आणि चाक वर खेचून धरते. जॅकचा दांडा मागून घालून फिरवला की चाक खाली. निदान गाडी नवी असताना तरी!

पण गोंदिया हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा. रोवणीच्या दिवसांत बांधीतून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर चिखल सांडत जातात आणि तुमची मागची चाकं तोच चिखल उडवून त्या गरारीवर लिंपतात. तो वाळतो, भिजतो, आत गंज धरतो. गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि स्टेपनी कधीच उतरवली नसेल, तर ती रुसलेली आहे असंच धरून चाला. तिरोड्याकडून चोरखमाऱ्याच्या गेटकडे जाताना तिन्हीसांजेला टायर बसला, मोबाइलला रेंज नाही, दोन्हीकडे जंगल... अशा वेळी तिची मनधरणी करण्यात मजा नाही, बॉस. ती निघायच्या आदल्या रविवारी अंगणात करा.

दांडा फिरतच नसेल तर आधी चिखल खरवडा, गंज सोडवणारा स्प्रे मारा आणि चहा घेऊन या. अर्ध्या तासानं थोडं आवळा, थोडं सैल करा, पुन्हा तेच. दांड्याला लांब पाइप अडकवून मर्दुमकी दाखवू नका, आतला दात तुटला की खेळ खलास. कधी कधी साखळी सैल पडते, पण चाक चिखल-गंजाने वरच चिकटून बसतं. मग खाली लाकडी ठोकळा सरकवा आणि बाजूला बसून लांब टॉमीने चाक ढकला. हात, डोकं गाडीखाली नको. पंधरा-वीस किलोचं धूड सांगून पडत नाही! आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुणीही, कधीही शिरायचं नाही. एवढं करूनही हललं नाही तर साखळी कापावी लागते. ते काम गॅरेजमध्येच, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या आणि जवळची इंधनाची टाकी यांचं जमत नाही.

जाता जाता, 'स्टेपनी' हे नाव आलंय वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. तिथे १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. गाव विसरलं गेलं, नाव आपल्या पंक्चरवाल्यांनी जपलं.

चाक हातात आलंच आहे तर टायरच्या कडेचे चार आकडे वाचा. २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. एकदाही न धावलेला टायरसुद्धा म्हातारा होतो, रबराला भेगा दिसल्या तर बदला. हवा भरा, साखळीला ग्रीस लावा. आणि चाक परत चढवताना पट्टी भोकाखाली नीट आडवी बसली ना, हे बघूनच आवळा. नाहीतर साकोलीच्या पुढे हायवेवर ते आपणहून उतरेल आणि मागच्या मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात जाऊन पडेल.