मानेवरची गाठ ओढणीआड झाकू नका

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येते. दाढ किडली, घसा धरला की जबड्याखाली गाठ लागते. ही गाठ म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्याने दिलेली हाक आहे. आपल्या अंगात अशा सुमारे ६०० लसग्रंथी असतात. मान, काख, जांघ, छाती आणि पोटात त्यांचे झुबके असतात. शरीरभर झिरपणारा पाण्यासारखा द्रव या ग्रंथींतून गाळला जाऊन पुन्हा रक्तात मिसळतो. त्यातून जंतू आला की ग्रंथीतल्या पांढऱ्या पेशी त्याला अडवतात, ओळखतात आणि त्याच्याशी लढणाऱ्या पेशी भराभर वाढवतात. म्हणून ग्रंथी सुजते, दुखते. जंतू हटला की सूज बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते.

जी गाठ ओसरत नाही, दुखत नाही, हळूहळू वाढते, तिच्याकडे मात्र लक्ष द्या. सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असेल तर तो गंडमाळा, म्हणजे लसग्रंथींचा टीबी असू शकतो. तंबाखू-मिश्री लावणाऱ्यांच्या मानेवरची कडक गाठ तोंडाच्या कॅन्सरचीही असू शकते. गाठीत बारीक सुई घालून केलेल्या तपासणीतून निदानाला मोठी मदत होते.

आपल्या वस्तीत मात्र आधी चुना-गुळाचा लेप लागतो, कुठे डागही देतात. मुलगी लग्नाची असली तर गाठ ओढणीखाली जाते. 'लोक काय म्हणतील' यात महिने जातात आणि एक दिवस गाठ फुटून वाहू लागते. व्रण मग जन्मभर राहतो. माझे स्पष्ट मत आहे की आजारापेक्षा ही लाजच मुलींचे जास्त नुकसान करते.

फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून पसरतो. फक्त ग्रंथीचा टीबी शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. छातीचा टीबी नाही ना, एवढे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. वेगळे ताट, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. ते आपणच आपल्या लेकीपुढे ठेवायचे का?

टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १००० रुपये आहारासाठी मिळतात. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे, मागून घ्या. औषध किमान सहा महिने चालते. सुरुवातीला कधी कधी गाठ उलट वाढते. तेव्हा गोळ्या बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. दोन आठवड्यांनंतरही कुणाची गाठ तशीच असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जायला एकीने तरी उठावे.